इंग्लंडसारखी आडवी वई कोकणात जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "संगमेश्वरजवळ तीन एकर जागा घेतली. तारेचं कुंपण दोन पावसाळ्यांत गंजलं, खांब कलले, गुरं सरळ आत येतात. इंग्लंडमध्ये झाडं बुंध्याशी अर्धवट तोडून आडवी घालतात आणि त्यांचीच भिंत करतात, असं व्हिडिओत पाहिलं. आपल्याकडे हे जमेल का? कोणती झाडं, कधी, किती? शिवाय पुण्याच्या घरापुढच्या बागेला काय लावू?"

जमेल. फक्त तिथला महिना आणि तिथलं झाड जसंच्या तसं उचलून इथे आणू नका. मी ती चूक करून बसले आहे, पुढे सांगते.

मी दापोली तालुक्यात सत्तावीस वर्षं आंबा-काजूची बाग आणि छोटी रोपवाटिका सांभाळते. आमच्याकडे कुंपणाला वई म्हणतात, घाटावर कुपाटी. वई दोन तऱ्हेची. एक सुकी. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, तेव्हा भाजीच्या मळ्याभोवती काटेरी फांद्या रोवायच्या, त्यांना आडव्या कामट्या बांधायच्या आणि पुढच्या पावसाआधी त्याचं सरपण करायचं. दुसरी जिवंत. सुकी वई दरवर्षी मुळापासून घालावी लागते. लग्न होऊन आले तेव्हा सासरे आणि दोन गडी आठवडाभर नुसते काटे ओढत होते. आज तेवढी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर तेवढी मजुरी परवडत नाही.

हा हिशेब एकेकाळी इंग्रज सरकारलाही कळून चुकला होता. मिठावरचा कर बुडू नये म्हणून पंजाबापासून बऱ्हाणपूरच्या बाजूने पार ओडिशापर्यंत त्यांनी सुमारे अडीच हजार मैलांची नाकेबंदी केली होती, आणि तिच्या मोठ्या भागात काटेरी कुंपण होतं. सुरुवातीला सुकं. एका मैलाला अडीचशे टन काटे लागायचे, आणि तेही टिकायचे नाहीत. शेवटी ॲलन ह्यूम हे आयुक्त झाल्यावर त्यांनी जिवंत कुंपणावर जोर दिला. (हेच ह्यूम पुढे १८८५ साली मुंबईत काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते.) त्यांनी लावलं काय? करवंद, बोर, बाभूळ, निवडुंग, थोर. ज्या मातीत जे जगेल ते. १८७९ साली नाकेबंदी उठली आणि एवढं मोठं कुंपण विस्मरणात गेलं, पण झाडांची ती यादी आजही कुठल्याही कोरडवाहू शेतकऱ्याला पटेल अशी आहे.

आता तुमच्या व्हिडिओकडे. तिथे हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल अशी झाडं असतात. पानं गळाली की, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या काळात, खोड बुंध्याशी तिरपं कापतात, पण पूर्ण नाही. साल आणि थोडं लाकूड अशी एक जीभ शिल्लक ठेवतात आणि खोड चढाच्या दिशेने कलतं करतात. दीड-दीड फुटावर खुंट ठोकतात आणि वरच्या कडेला हेझलच्या लांब फोकांची वेणी घालतात. हे दीड फूट म्हणजे आपला एक हात. तिथले कारागीरही ते कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच मोजतात. मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता.

पाहणाऱ्याला वाटतं, सगळी करामत त्या आडव्या फांदीत आहे. जिभेतून रस जात राहतो, त्यामुळे फांदी जगते, हे खरं. पण ती फांदी म्हणजे मधल्या काही वर्षांची सोय. खरं कुंपण येतं ते कापल्या जागेच्या खालून, बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबांतून. जिवंत वईचं दुखणं नेहमी खालच्या दोन फुटांत असतं. झाड उंच जातं, वर दाट होतं, खाली सावली पडून काडी-काडी मरते आणि शेळी वाकून आत येते. लोक माझ्याकडे येऊन सांगतात, "काकू, दहा फूट वाढली आहे हो वई, तरी गुरं येतात." दहा फूट वाढली म्हणूनच येतात! तिला कधी कोयता लागलाच नाही. लावलेलं झाड तोडायला हात धजावत नाही, त्यात शहरातून आलेल्यांचा तर अजिबातच नाही. तुम्हाला एकच गोष्ट शिकायची असेल तर ही भीती घालवायला शिका. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे.

माझी चूक अशी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हाच प्रकार वाचून मी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) साठेक फूट वई आडवी घातली. गिरिपुष्प जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळतं, मग अंगभर गुलाबी फुलतं. मला वाटलं, पानगळ म्हणजे तिथला हिवाळा, बसलं गणित. जानेवारीत काम केलं. चित्रासारखी दिसत होती. मार्चच्या मध्यावर जिभा तडकायला लागल्या, एप्रिलअखेर बोटाने दाबलं की साल पापुद्र्यासारखी सुटायची. सासऱ्यांनी एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाले, "सरपण बरं झालं." जूनमध्ये बुंधे मात्र फुटले, तेही एका खोडाला पाच-सहा कोंब. त्यामुळे पैसे वाया गेले नाहीत, वर्ष गेलं.

तिथल्या हिवाळ्यापाठोपाठ ओला वसंत येतो. आपल्या हिवाळ्यापाठोपाठ चार महिने वैशाखवणवा. तेवढी पातळ जीभ एवढं ऊन सोसत नाही. म्हणून कोकणात हे काम एक-दोन वळीव पडून गेल्यावर करायचं, साधारण २० मेपासून मृग लागेपर्यंत. तोवर खोडात रस चढू लागलेला असतो, लाकूड लवतं आणि पंधरा दिवसांत पाऊस सुरू होतो. घाटावर वळवाचा भरवसा नसेल तर मृगाचा पाऊस बसल्यावरच हात घाला. मेमध्ये एक काळजी घ्यायची. शिपाई बुलबुलाची घरटी नेमकी अशा वईत कमरेच्या उंचीवर असतात. अंडी-पिल्लं दिसली तर दोन्ही बाजूंची हातभर वई तशीच सोडायची, पुढच्या वर्षी बघता येते. तिथेही पक्ष्यांच्या विणीच्या काळात, मार्च ते ऑगस्ट, शेतकरी वईची छाटणी करत नाहीत.

तुमच्याकडे आज आडवं घालायला काहीच नाही, म्हणून आधी लावणी. तीन एकर जागा चौकोनी धरली तर घेर साधारण साडेचौदाशे फूट. दीड फुटाला एक खुंट म्हणजे साडेनऊशे ते हजार, आणि मरतुकीसाठी शंभर वर. एका वर्षात सगळं करू नका. रस्त्याकडची आणि गुरांच्या वाटेची बाजू आधी घ्या.

खुंट गिरिपुष्पाचे. काहीजण त्याला उंदीरमारी म्हणतात. हे झाड मूळ मध्य अमेरिकेचं, पण आता कोकणातल्या बांधांवर इतकं रुळलं आहे की कुणाला परकं वाटत नाही. ओल्या पाल्याला उग्र वास असल्यामुळे मोकाट गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि छाटलेला पाला चिखलणीआधी भातखाचरात घातला की उत्तम हिरवळीचं खत होतं. खुंट पाच-सहा फूट लांब, अंगठ्यापेक्षा जाड आणि मनगटापेक्षा बारीक घ्या. हिरवीगार कोवळी काडी नको, करडी झालेली घ्या. वरचं टोक तिरपं कापायचं, म्हणजे पाणी साचत नाही आणि उलटा खुंट रोवायची चूक होत नाही. हसू नका, मजूर घाईत असले की दहातले दोन उलटे जातात. खालच्या टोकाला कोयत्याने सालीवर दोन-तीन टिचक्या मारायच्या, मुळ्या तिथून लवकर सुटतात. पहारीने भोक पाडून फूटभर खोल रोवायचं आणि पायाने माती घट्ट दाबायची. खुंट ठोकून आत घालू नका, साल फाटते.

सरळ रोवण्याऐवजी एक डावीकडे, एक उजवीकडे असे कलते रोवून फुल्या करा आणि जिथे छेदतात तिथे सुंभाने बांधा. दोन वर्षांत काही ठिकाणी ते एकमेकांत चिकटून वाढतात. नायलॉनची दोरी वापरू नका, ती कुजत नाही आणि खोडात रुतते.

दोन खुंटांच्या मधल्या जागेत निर्गुडी. पहिल्या पावसात फाटे लावले तरी येतात, शेळी खात नाही आणि फोक वाटेल तसा वळतो. माझ्या वयाच्या लोकांना हा फोक शाळेपासून पाठीवर ओळखीचा आहे. आडवी वई घालायला निर्गुडीइतकं गुणी झाड मला आपल्याकडे दुसरं मिळालेलं नाही.

वईच्या आतल्या बाजूने, दोन फूट सोडून, करवंदाची ओळ घाला. हिला घाई चालत नाही. मेमध्ये पिकलेली करवंदं आणून बी धुऊन चार-आठ दिवसांत पिशवीत टाकायचं, सुकवून ठेवलं तर उगवण फार कमी होते. रोप पुढच्या जूनमध्ये बाहेर लावायचं. चौथ्या वर्षी त्याचा काटा काय ते कळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही जात फळांसाठी छान आहे, पण निव्वळ वईसाठी रानातलं बी पुरतं. सागरगोटा आणि चिलार यांची अणकुचीदार वाकडी काटी हवी असेल तर फक्त कोपऱ्यांत, जिथे माणसं हटकून घुसतात तिथे लावा. दोन्ही पसरतात आणि एकदा पसरली की तुम्हालाच आत जाता येत नाही. सागरगोट्याचं बी दगडासारखं असतं. एका बाजूने फरशीवर घासून आतला पांढरा भाग दिसू लागला की रात्रभर पाण्यात ठेवून लावा.

काही झाडं मी सांगणार नाही. घाणेरी नको, ती तुमची वई सोडून सगळ्या गावात जाते. सुबाभूळ नको, शेळ्या तिच्यासाठी वाट वाकडी करून येतात. चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, कुंपणाला सोपी खरी, पण बी विषारी आहे आणि चवीला वाईट नसल्याने मुलं खातात. जवळ शाळा किंवा वस्ती असेल तर लावूच नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

तिसऱ्या वर्षी, मेच्या शेवटी, आडवी घालायची. आता जवळून सांगते.

सामान थोडं: धार लावलेला कोयता, हातकरवत, सुंभ. हातमोजा फक्त डाव्या हातात, उजव्यात घातला तर कोयता निसटतो. पायात बूट हवेतच. बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात फुरसं असतं, म्हणून आधी काठीने पाचोळा ओढून घ्यायचा, मग हात घालायचा. हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही.

उतार असेल तर वरच्या टोकाकडून सुरुवात करून खाली यायचं, आणि फांद्या सगळ्या चढाकडे कलत्या. आधी खोडाच्या आडव्या-तिडव्या फांद्या साफ करायच्या, नाहीतर खोड खाली येतच नाही. मग डाव्या हाताने खोड, ज्या बाजूला झोपवायचं त्या बाजूला, जरासं ताणून धरायचं. कोयता जमिनीपासून वीतभर उंचीवर, विरुद्ध बाजूने, वरून खाली तिरपा. छाटा लांब हवा, खोडाच्या जाडीच्या तिप्पट-चौपट. आखूड छाट्यात खोड बिजागरीसारखं एकाच जागी दुमडतं आणि तुटतं, लांब छाट्यात ते कमानीसारखं वळतं. दोन इंची खोडाला जीभ करंगळीच्या निम्म्या जाडीची उरली की पुरे. नवशिके घाबरून निम्मं खोड ठेवतात आणि मग जोर लावून वाकवतात. तिथेच "कडाड" होतं. खोड नीट कापलं असेल तर नुसता "चर्रर्र" असा बारीक आवाज येतो आणि ते आपल्या वजनाने खाली येतं. मी अजूनही डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवते.

पार जमिनीला टेकवू नका. साधारण चाळीस अंशांचा कल ठेवा, टोक थोडं वर राहिलंच पाहिजे. आता बुंध्यावर कापल्या खोडाचा एक टोकदार तुकडा (ठोसा) उरतो, तो करवतीने तिरपा उतरवा. हा टप्पा सगळे विसरतात. ठोसा राहिला की कोंब त्याच्या वरच्या टोकाला येतात, पाणी मुरून तो कुजतो आणि आपल्याला हवे असलेले जमिनीलगतचे कोंब मागे पडतात. जखमेवर शेण-माती थापायची गरज नाही. आमच्या पावसात ती ओल धरून ठेवते आणि कुजायला मदतच करते.

मनगटापेक्षा जाड झालेलं गिरिपुष्प आडवं घालायच्या फंदात पडू नका. ते गुडघ्याखाली सरळ तोडा, फुटेल.

मग दर हाताला एक उभा खुंट, आणि इथे आपण इंग्रजांपेक्षा सुखी. त्यांचा खुंट मेलेला असतो, चार-सहा वर्षांत कुजतो, तोवर वई आपल्या पायावर उभी राहते. आपल्याकडे मेलेला खुंट वाळवी एक-दोन पावसांत संपवते. म्हणून आत्ताच तोडलेल्या गिरिपुष्पाचे ताजे खुंट त्याच जागी रोवायचे. जूनअखेर तेही फुटतात आणि वईचेच होतात. कलत्या फांद्या या खुंटांच्या आतून-बाहेरून गुंफायच्या आणि चार फुटांवर निर्गुडीच्या लांब फोकांची दुहेरी वेणी घालायची. एक फोक संपायच्या आधी दुसरा त्यात सरकवायचा. दोन सरावाची माणसं दिवसाला चाळीस फूट करतात. तुमचे पहिले चाळीस फूट चार दिवस खातील.

त्यानंतर दरवर्षी फक्त वरून आणि बाजूने छाटणी करायची, एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा दसऱ्यानंतर. पुन्हा आडवी घालायची वेळ आमच्याकडे सहा-सात वर्षांनी येते. इंग्लंडात पंधरा-वीस वर्षं सहज जातात, पण तिथे झाडंही आळशी वाढतात.

तुमच्या जागेत कातळ असेल (संगमेश्वराकडे असतोच) तर तिथे पहार चालणार नाही. त्या पट्ट्यात दगडांचा गडगा रचा आणि त्याच्या आतल्या अंगाला माती ओढून करवंद लावा. जिथे गडगा तिथे गडगा, जिथे माती तिथे वई, असं मिश्र कुंपण गावात सगळीकडे दिसेल.

एक गोष्ट आधीच सांगते, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका. ही वई गुरं थांबवते, शेळ्या थांबवते, वाटसरूला थांबवते. रानडुकराला थांबवत नाही, तो बुंध्याखालून उकरून जातो. माकडांना तर ती शिडीच आहे.

लावणीआधी मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या तीन फूट आत लावा. गिरिपुष्पाची सावली शेजाऱ्याच्या भातावर गेली की भांडण ठरलेलं. जुनी पायवाट जागेतून जात असेल तर ती बुजवू नका, तिथे बेडं ठेवा. दोन खांब, प्रत्येकाला तीन भोकं आणि आरपार सरकणारे तीन बांबू. गुरांना उघडता येत नाही, म्हाताऱ्या माणसालाही उघडता येतं. वाट अडवलेली वई कुणीतरी रात्री तोडतंच, आणि मग त्याच भगदाडातून गुरं येतात.

पुण्याच्या बागेला हे सगळं नको. कोयनेल किंवा मेंदी फुटाफुटावर लावा. गुडघ्याएवढी झाली की निम्मी छाटा, पुन्हा कमरेएवढी झाली की मांडीपर्यंत आणा. कात्री चालवताना खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद ठेवा, म्हणजे तळाला ऊन मिळतं. बहुतेक माळी नेमकं उलटं करतात, आणि दोन वर्षांत खालून मांजरं दिसायला लागतात.

खुंट विकत घेऊ नका. माझी छाटणी २० मेच्या पुढे सुरू होते आणि तोडलेली खोडं बांधावर पडलेलीच असतात. पहिल्या बाजूला पुरतील एवढे चारशे खुंट सहज निघतील. टेम्पो तुमचा, आणि तोडायला अर्धा दिवस तुम्ही स्वतः थांबायचं.